लाल-हिरवं न कळणारा रंगारी

नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहत होता. त्याच्या हातचा रंग पंचक्रोशीत नावाजलेला. धुऊन धुऊन कापड विरायचं, पण रंग हटायचा नाही. आणि या रंगाऱ्याला, कुणाला सांगू नका, लाल आणि हिरवं यांतला फरक कळत नव्हता.

निळं कळायचं, पिवळं कळायचं. पण लाल आणि हिरवं ही दोन्ही त्याला वाळलेल्या पाचोळ्यासारखी, एकाच रंगाची दिसायची. लहानपणी बापाने सुताच्या ढिगातून लाल लडी आणायला सांगितली, तर याने हिरवी नेऊन दिली. बाप हसला, म्हणाला, "थट्टा करतोस होय रे बापाची?" पोरगंही हसलं. पण सुताच्या ढिगाकडे त्याने पुन्हा वळून पाहिलं. सगळ्यांना काहीतरी दिसतं आणि आपल्याला ते दिसत नाही, हे त्याला त्या दिवशी समजलं. हे कुणाला कळता कामा नये, हेही त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं. रंगाऱ्याच्या पोराला रंग कळत नाही म्हटल्यावर त्या पोराला कोण विचारणार?

डोकं तल्लख होतं, म्हणून युक्त्या सुचल्या. लाल रंगाची मंजिष्ठेची कढई दाराच्या उजव्या हाताला. निळीचा रांजण मधे. हिरवा काढायचा तर कापड आधी निळीत बुडवायचं आणि मग डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात, तो काढा पार डाव्या कोपऱ्यात. भांडी कधी जागची हलायची नाहीत. रंग किती चढला हे बाकीचे रंगारी डोळ्यांनी बघतात; हा हुंगून बघायचा, बोट बुडवून जिभेला लावायचा, कढईपाशी बसून मनात आकडे मोजायचा. कापड तयार झालं की पदराच्या टोकाला गाठ मारायचा. लालला एक गाठ, हिरव्याला दोन. गावाला वाटायचं, ही त्याच्या घराण्याची खूण असेल.

रंगाच्या खोलीत मात्र तो कुणाला पाऊल टाकू द्यायचा नाही. "रंगाला नजर लागते," म्हणायचा. बायको कधी उंबऱ्याशी येऊन विचारायची, "अहो, एवढं ओलं कापड एकट्याने पिळता. मी दुसरं टोक धरू का?"

"बाहेर थांब. रंग बिघडेल," तो खेकसायचा.

ती बिचारी चुलीकडे परत जायची. लोक म्हणायचे, मोठा कलावंत आहे, असायचाच तिरसट. तिरसटपणा कसला? भीती होती ती. पण भीतीने डोक्यावर पगडी घातली की लोक तिला मान म्हणतात.

चोराच्या मनात चांदणं, तसं त्याचं होतं. बाजारात कुणी "हा लाल बघा कसा खुललाय" म्हणालं की याच्या तळहाताला घाम फुटायचा. दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की ती आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं. कुणी मुलीसाठी दोन कापडं पुढे करून "दादा, यातलं कोणतं घेऊ?" म्हणालं, तर तो घाईघाईने खोकायला लागायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं. पण तीच मूठ वीस वर्षं आवळून धरली तर बोटं किती दुखतात, ते काही म्हणीत सांगितलेलं नाही.

आता त्या गावची एक रीत होती. चैत्रातल्या जत्रेला गावदेवीला लाल लुगडं नेसवायचं, आणि गावात ज्या मुलीचं लग्न असेल तिला हिरवं. दोन्ही लुगडी रंगाऱ्याच्याच घरून जायची, पांढऱ्या फडक्यात बांधून. देवीचं गाठोडं देवीपुढे सुटायचं, नवरीचं नवरीपुढे. एकदा गाठोडं बांधलं की ते सुटेपर्यंत आतल्या लुगड्यावर कुणाची नजर पडू द्यायची नाही, असा दंडक होता.

त्या वर्षी जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. विणकराने एकाच मागावर दोन्ही लुगडी विणून दिली. तोच पोत, तेच काठ, तसाच पदर. रंगाऱ्याने आठवडाभर खपून एक लाल केलं, एक हिरवं केलं, एकाला एक गाठ मारली, दुसऱ्याला दोन, आणि दोन्ही परटिणीकडे दिली.

रंगवलेलं कापड वाहत्या पाण्यात खळबळून, वाळवून, लाकडी मोगरीने ठोकून गुळगुळीत करून आणायचं काम परटाच्या घरचं. आजवर ते परटिणीचा सासरा करायचा. त्या वर्षी म्हाताऱ्याच्याने पाण्यात उभं राहवेना, म्हणून ते सुनेकडे आलं. नवऱ्याच्या मागे घाटावरचा एक दगड सांभाळून दोन लेकी वाढवणारी बाई ती. बोलायची थोडं, कामाला चोख.

जत्रेच्या सकाळी ती टोपली घेऊन आली. रंगाऱ्याने नेहमीसारखी टोपली आत घेतली आणि दार लोटणार, एवढ्यात ती म्हणाली, "दादा, पदराला तुमच्या घरच्या त्या गाठी होत्या बघा. मोगरीखाली चुण्या पडायला लागल्या. सोडल्या मी सगळ्या, आणि ठोकून सरळ करून आणलंय. आता शोधून गाठीचा माग सापडायचा नाही."

रंगाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. पण चेहरा त्याने हलू दिला नाही. वीस वर्षांची सवय होती ती.

"बरं केलंस," तो म्हणाला. आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं, "यातलं कोणतं जास्त चांगलं उतरलंय, तुला काय वाटतं?"

"दोन्ही सुरेख झालीत."

"पण एखादं उजवं असेलच की."

"माझ्यापेक्षा तुम्हांलाच कळणार ते, दादा," असं म्हणून ती हसली आणि निघून गेली.

दार लावून त्याने दोन्ही लुगडी उजेडात धरली. पाचोळा आणि पाचोळा. नाकाला लावली, तर नदीचा आणि रिठ्याचा वास. पदराचं टोक जिभेला लावून पाहिलं, चव काही नाही. परटिणीने काम एवढं चोख केलं होतं की मंजिष्ठही गेली होती आणि डाळिंबही. त्याने बोटांनी पदराची टोकं चाचपली, पण गाठीची खूणही उरली नव्हती. बाहेर ढोल वाजायला लागले. गुरव देवीचं लुगडं न्यायला निघाला होता.

"अहो," बायको दारापलीकडून म्हणाली, "गुरव आले, आणि पाटलीणबाईपण आल्यात. मी देऊ का बांधून?"

एक शब्द पुरला असता. दार उघडून, "यातलं लाल कोणतं गं?" एवढंच. बायको क्षणभर चमकली असती, मग तिने बोट दाखवलं असतं, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो शब्द त्याच्या घशात वीस वर्षं अडकलेला होता. तो एका क्षणात कसा निघणार?

"आत येऊ नकोस," तो म्हणाला. दोन्ही लुगडी पांढऱ्या फडक्यांत बांधली, डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि एक गाठोडं गुरवाच्या हाती दिलं, दुसरं पाटलीणबाईंच्या.

मग तो ओट्यावर बसून ऐकत राहिला. ढोल लांब जात गेले. देवळापाशी पोचले. आता गुरव पायऱ्या चढला असेल. आता गाठोडं देवीपुढे ठेवलं असेल. बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो त्याने घेतला नाही. आता फडकं सोडलं असेल.

ढोल एकदम थांबले.

थोड्याच वेळात देवळाकडून माणसं धावत आली आणि पाटलाच्या घराकडूनही आली. देवीपुढे हिरवं सुटलं होतं आणि नवरीपुढे लाल. म्हाताऱ्या बायका म्हणत होत्या, देवीचं वस्त्र नवरीपुढे सुटलं, हा काही शुभशकुन नव्हे. नवरदेवाकडच्यांच्या कानावर गेलं तर लग्न मोडेल, म्हणून पाटलाचा चेहरा उतरला होता.

"हे झालं कसं?" पाटलाने विचारलं.

आणि रंगाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "मला काय माहीत? परटिणीने बांधूनच आणली होती. मी नुसती हातात दिली."

शब्द तोंडातून सुटले आणि त्याच क्षणी त्याला ते परत गिळावेसे वाटले. पण लोक माना डोलवत होते. रंगारी कसा चुकेल? नवखी बाई, तिचंच काम असणार. कुणीतरी तिला बोलवायला गेलंसुद्धा.

उन्हं उतरायच्या सुमाराला देवळापुढे पंच बसले. दोन्ही लुगडी पारावर उघडी ठेवली होती. परटीण समोर उभी होती, हात ओलेच होते. तिने सांगितलं, की लुगडी तिने उघडीच आणली, टोपलीत घालून. पण पाहणारं कोणी नव्हतं. रंगाऱ्याची बायको आत होती, आणि तिला त्या खोलीत जायची मुभाच नव्हती. एकीकडे नावाजलेल्या रंगाऱ्याचा शब्द, दुसरीकडे परटिणीचा.

पंच म्हणाले, "घाटावरचा दगड सोडायचा. यापुढे वळणापलीकडे, चिखलाच्या अंगाला धुवायचं."

चिखलात धुवायला कोण कपडे देणार? परटिणीचा दगड गेला म्हणजे तिची चूल गेली. तिने ओले हात पदराला पुसले. मग खाली मान घालून म्हणाली, "मी बांधल्याचं मला आठवत नाही. पण आठ दिवस धड झोप नाही. एवढी सगळी माणसं म्हणतायत, तर माझ्याच हातून झालं असेल."

रंगारी गर्दीत मागे उभा होता. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसलं असतं. पण ही बाई त्याचं खोटं स्वतःच खरं मानायला निघाली होती. पाय मागे चालले होते, तरी तो पुढे झाला.

"तिने नाही बांधलं," तो म्हणाला. "मी बांधलं. अदलाबदल माझ्याकडून झाली. मला लाल आणि हिरवं ओळखू येत नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक पंच हसला. दुसरा हसला. "बघा," तो म्हणाला, "बाईचा दगड वाचावा म्हणून दादांनी दोष आपल्या अंगावर घेतला. याला म्हणतात मोठं मन."

लोकांनी माना डोलवल्या. पाटलाचाही चेहरा सैल झाला. "जाऊ द्या," तो म्हणाला, "दादाच एवढं म्हणतायत तर बाईला या खेपेला माफ करू."

काय मजा आहे पाहा. वीस वर्षं खोटं बोलला, ते सगळ्यांनी खरं मानलं. आज खरं बोलला, तर त्याचाही मोठेपणाच ठरला. आणि रंगाऱ्याच्या मनात आलं, की झालं की काम. बाईचा दगड वाचला. आपली अब्रू वाचली, उलट चार बोटं वरच गेली. आता गप्प बसलं म्हणजे संपलं. त्याने सुटकेचा श्वास घेतलासुद्धा.

तेवढ्यात परटीण पुढे आली, वाकली, आणि त्याच्या पायांना हात लावला. "तुमचे उपकार झाले, दादा," ती म्हणाली.

ते मात्र त्याला सहन झालं नाही. विंचू चावल्यासारखे त्याने पाय मागे घेतले.

"उठ बाई, पाया पडू नकोस," तो म्हणाला. "मी मन बिन काही मोठं केलेलं नाही. पाटलीणबाई, घरातून पिकल्या मिरच्या आणा आणि हिरव्या आणा. एकत्र करून माझ्यापुढे ओता."

सूपभर मिरच्या आल्या. गाव गोळा झालं होतं. रंगारी खाली बसला आणि एकेक मिरची उचलून दोन ढीग करू लागला. डोळे ताणून बघत होता, कपाळावरून घाम ओघळत होता. शेवटची मिरची ठेवून त्याने वर पाहिलं. दोन्ही ढिगांत लालही होत्या आणि हिरव्याही. त्याला ते दिसत नव्हतं, पण लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. पाठीमागे कुणी तरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

आता आभाळ कोसळेल म्हणून तो मान खाली घालून बसून राहिला. आभाळ काही कोसळलं नाही.

म्हातारा विणकर पुढे येऊन त्याच्याशेजारी टेकला. "अरे, मग इतकी वर्षं रंग काढलास कसा?"

त्याने सगळं सांगितलं. भांड्यांची जागा, नाक, जीभ, मनातले आकडे, पदराच्या गाठी. सांगता सांगता त्याचं त्यालाच नवल वाटायला लागलं, की आपण एवढं सगळं शिकलो आणि त्याची लाजच वाटून घेत बसलो.

पाटील मात्र विरघळला नव्हता. "रंग कळत नाही हा काही गुन्हा नाही," तो म्हणाला. "डोळ्यांना शिक्षा नाही. पण या बाईवर आळ घातलास, त्या जिभेला शिक्षा आहे. पुढच्या जत्रेपर्यंत तुझं रंगवलेलं कापड तू स्वतः डोक्यावर घेऊन घाटावर जायचं, आणि या बाईच्या हाताखाली धुवायचं."

रंगाऱ्याने ते मान्य केलं आणि परटिणीची क्षमा मागितली. ती त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "माझा दगड मला मिळाला. तुमच्यावरचा रागही जाईल, दादा. पण आज नाही."

राहता राहिलं लग्न. त्यावर मोठी माणसं डोकं खाजवत बसली, तेव्हा नवरी मुलगीच म्हणाली, "देवीच्या पायाशी जाऊन आलेलं हिरवं लुगडं मला मिळतंय. यात वाईट काय आहे? मी ते नेसून येईन आणि लाल माझ्या हातांनी देवीला नेसवेन." गुरव म्हणाला, लेकीच्या हातून आई एक दिवस उशिरा नेसली तरी रागावत नाही. आणि लग्न ठरल्या वेळी लागलं.

रंगारी घरी गेला, तर बायको ओट्यावर बसलेली. तिला सगळं कळलं होतं. वीस वर्षं तिला आत न घेतल्याबद्दल तो काहीतरी बोलायला लागला, तर तिने त्याला थांबवलं.

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतं," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही मला जवळ येऊ देत नाही. इतकी वर्षं मी तुम्हांला घाबरत राहिले, आणि तुम्ही मिरचीला."

त्याला हसू आलं आणि रडूही आलं. तिचं मात्र पदराआड रडूच चाललं होतं. बऱ्याच वेळाने ती उठली, रंगाच्या खोलीत गेली, आणि दार तिने उघडंच ठेवलं.

पुढे गावाने त्याला चिडवायचं ते चिडवलंच. गाव ते गाव. दोन महिने जो भेटेल तो हातातली भाजी पुढे करून विचारायचा, "दादा, हे लाल की हिरवं?" सुरुवातीला त्याचे कान तापायचे. मग एके दिवशी तो म्हणाला, "तू सांग, तुला दिसतं ना." विचारणारा हसला, हाही हसला. चिडवणं हे चिडवण्याएवढंच असतं, त्याला आपण उगाच वाघ समजत होतो, हे त्याला तेव्हा कळलं. रोज सकाळी तो डोक्यावर कापड घेऊन घाटावर जायचा, परटीण सांगेल तसं धुवायचा, आणि पिळताना दुसरं टोक ती धरायची. तीन-चार महिने ती कामापुरतंच बोलली. पावसाळा सरल्यावर एकदा तिने घरून आणलेली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि खाल्ली.

एकदा परगावची एक बाई आली. उघड्या दारातून आत आली, कढईपाशी बसलेल्या रंगाऱ्यापुढे दोन लुगडी धरून म्हणाली, "दादा, तुमचं मोठं नाव ऐकलंय. यातला कोणता रंग मला शोभेल?"

"बाई, ते मला दिसत नाही," रंगारी म्हणाला. "माझ्या बायकोला विचारा, ती सांगेल. किती वर्षं टिकेल, ते मला विचारा."

त्या बाईने बायकोला विचारलं, मग त्याला विचारलं, आणि दोन्ही लुगडी घेऊन गेली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तात्पर्य एवढंच: आपल्यातलं उणं आपण सांगून टाकलं, तर ते जेवढ्यास तेवढं राहतं. ते झाकत बसलो, की त्याचं ओझं दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतं, आणि आपली मान काही त्याने हलकी होत नाही.